विद्यार्थी व्हिसाचे रद्दीकरण, ऑस्ट्रेलियातील

शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात आलेल्या परकीय विद्यार्थ्याने नावनोंदणी, हजेरी वा अभ्यासातील प्रगती यांविषयीच्या अटी पाळल्या नाहीत, तर त्याचा व्हिसा मुदतीपूर्वी काढून घेण्याची कायदेशीर व्यवस्था. परकीय विद्यार्थ्याला देशात प्रवेश मिळतो तो विद्यार्थी म्हणून. अभ्यास सुटला की तेथे राहण्याचे कारणही संपते, असे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे. परकीय विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या बहुतेक देशांत ते या ना त्या स्वरूपात मान्य आहे. वाद असतो तो त्याच्या अंमलबजावणीविषयी. अटीचा भंग झाला हे कोणी ठरवावयाचे, कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचे आणि विद्यार्थ्याचे म्हणणे केव्हा ऐकावयाचे, या प्रश्नांना ऑस्ट्रेलियाने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांपैकी २००१ ते २०१३ या काळात अमलात असलेली पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. कारण तीनुसार कोणाही अधिकाऱ्याने निर्णय न घेता विद्यार्थ्याचा व्हिसा आपोआप रद्द होत असे.

परकीय विद्यार्थ्याला सशर्त व तात्पुरता प्रवेश देण्याची प्रथा ऑस्ट्रेलियात जुनी आहे. १९०१ मध्ये संघराज्याची स्थापना होताच तेथील संसदेने आप्रवासन निर्बंध अधिनियम संमत केला. या अधिनियमानुसार नको असलेल्या परकीयाला एखाद्या यूरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखनासाठी देत. भाषेची निवड अधिकाऱ्याने करावयाची असल्याने कितीही सुशिक्षित आशियाई माणसाला अनुत्तीर्ण करणे सहज शक्य होते. १९०४ मध्ये भारत व जपान येथील व्यापारी, प्रवासी आणि विद्यार्थी यांना पारपत्राच्या आधारे, ही परीक्षा न देता, बारा महिन्यांपर्यंत राहण्याची सवलत देण्यात आली. सवलतीची मुदत संपल्यावर मात्र त्या व्यक्तीला पुन्हा मूळ अधिनियम लागू होई. विद्यार्थी हा पाहुणा आहे, रहिवासी नव्हे, ही भूमिका या पहिल्या व्यवस्थेतच स्पष्ट दिसते. श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ च्या स्थलांतर अधिनियमाने रद्द झाली. परंतु विद्यार्थ्याविषयीची ही भूमिका पुढेही कायम राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय विद्यार्थ्यांची संख्या वाढली. जानेवारी १९५० मध्ये कोलंबो येथे राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद भरली. तीत ऑस्ट्रेलियाचे मंत्री पर्सी स्पेंडर यांनी पुढाकार घेतला आणि तिच्यातून निघालेली कोलंबो योजना १ जुलै १९५१ पासून कार्यान्वित झाली. पुढील तीन दशकांत या योजनेखाली सुमारे २०,००० विद्यार्थी ऑस्ट्रेलियात शिकून गेले. स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या याहून पुष्कळ मोठी होती. मात्र लोकांच्या स्मरणात कोलंबो योजनाच अधिक राहिली. या काळात विद्यार्थ्याने पूर्णवेळ अभ्यास करावा, समाधानकारक प्रगती दाखवावी व शिक्षण संपल्यावर मायदेशी परतावे, अशी अपेक्षा असे. विद्यार्थी थोडे होते आणि विद्यापीठे मोजकी होती. त्यामुळे एखाद्याची प्रगती खुंटली, तर त्याचा विचार वैयक्तिक प्रकरण म्हणून करणे अधिकाऱ्यांना शक्य होते.

या चित्रात मूलभूत बदल झाला तो शिक्षण हा निर्यातीचा व्यवसाय बनल्यामुळे. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियन विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द झाले होते. तथापि १९७९ च्या कायद्याने परकीय विद्यार्थ्यांवर वेगळा आकार बसविण्यात आला. १९८५ मध्ये संपूर्ण शुल्क घेऊन परकीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची मुभा शिक्षणसंस्थांना मिळाली आणि १९९० पासून नव्याने येणाऱ्या परकीय विद्यार्थ्यांसाठी तोच नियम झाला. मदत म्हणून दिले जाणारे शिक्षण अशा रीतीने विक्रीची वस्तू बनले. विद्यापीठांबरोबर खाजगी महाविद्यालये व इंग्रजीचे वर्ग चालविणाऱ्या शाळाही या व्यवसायात उतरल्या. अशा काही शाळांच्या दृष्टीने विद्यार्थ्याला इंग्रजी येणे दुय्यम होते. त्याने भरलेली फी व तिच्या जोरावर त्याला मिळालेला व्हिसा एवढाच तो व्यवहार होता.

याचे परिणाम १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. चीनमधून हजारो तरुण इंग्रजीच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांसाठी ऑस्ट्रेलियात आले. फी व प्रवासखर्च यांसाठी अनेकांनी कर्ज काढले होते; ते फेडण्यासाठी वर्ग सोडून काम करणे त्यांना भाग पडले. जून १९८९ मधील तिएनआनमेन चौकातील हत्याकांडाच्या वेळी सुमारे २०,००० चिनी नागरिक ऑस्ट्रेलियात होते. पंतप्रधान बॉब हॉक यांनी त्यांना परत न पाठविण्याचे आश्वासन दिले आणि १९९३ मधील निर्णयाने त्यांपैकी बहुतेकांचा कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा झाला. याच सुमारास व्हिसाचे नियम कडक झाल्याने नवे विद्यार्थी येईनासे झाले व अनेक शाळा बंद पडल्या. आगाऊ फी भरलेल्यांचे पैसे परत करण्याचा भार सरकारवर आला. शाळांच्या नोंदणीसंबंधीचा १९९१ चा अधिनियम या अनुभवातून निघाला. सरकारने या घटनांतून दोन निष्कर्ष काढले : शिक्षणसंस्थांवर देखरेख हवी आणि विद्यार्थी वर्गात बसतो की नाही हे शासनाला कळावयास हवे. पुढील सर्व कायदे या दोन निष्कर्षांवर उभे आहेत. मात्र दुसऱ्यावर दिला गेला तेवढा भर पहिल्यावर दिला गेला नाही.

१ सप्टेंबर १९९४ पासून ऑस्ट्रेलियात नवी व्हिसापद्धती सुरू झाली. तीनुसार व्हिसा नसलेली प्रत्येक परकीय व्यक्ती बेकायदेशीर ठरते आणि तिला स्थानबद्ध करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. प्रत्यक्षात अशा व्यक्तीला बहुधा तात्पुरता सेतू व्हिसा देतात; तरीही व्हिसा गमावणे म्हणजे केवळ शिक्षण थांबणे नव्हे, हे यावरून लक्षात यावे. याच वेळच्या नियमावलीत प्रत्येक अटीला चार अंकी क्रमांक देण्यात आला. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासंबंधीची अट ८२०२ या क्रमांकाची असून परकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या तिला या आकड्यानेच ओळखत आल्या आहेत. नोंदणीकृत अभ्यासक्रमात नाव असणे, निदान ८० टक्के हजेरी व समाधानकारक परीक्षाफल, असे तिचे २००१ च्या सुमारास स्वरूप होते.

परकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणसेवांविषयीचा अधिनियम २००० मध्ये संमत होऊन २००१ मध्ये अमलात आला. त्याबरोबरच स्थलांतर अधिनियमातही नवी कलमे घालण्यात आली. प्रत्येक संस्थेने आपल्या परकीय विद्यार्थ्यांच्या नावनोंदणीची माहिती एका मध्यवर्ती संगणकीय नोंदणीत भरावी, कोणी अभ्यास सोडल्यास वा त्यात मागे पडल्यास ते कळवावे, असे बंधन आले. एखाद्या विद्यार्थ्याने हजेरीची किंवा प्रगतीची अट मोडली असे संस्थेला आढळले, तर अधिनियमाच्या विसाव्या कलमाखाली तिने त्याला लेखी नोटीस पाठवावयाची. नोटिशीच्या दिनांकापासून २८ दिवसांत विद्यार्थ्याने छायाचित्रासह ओळखपत्र घेऊन आप्रवासन अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे व अटीभंगाचा खुलासा करावा, असे तीत नमूद असे. तो हजर झाला नाही, तर अठ्ठाविसावा दिवस संपताच स्थलांतर अधिनियमाच्या १३७-जे या कलमाने त्याचा व्हिसा रद्द होई. त्यासाठी कोणाला काहीही करावे लागत नसे. कोणी कागदपत्रे तपासीत नसे, कोणी आदेशावर सही करीत नसे.

या कलमाची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. नोटीस विद्यार्थ्याच्या हाती कधीच पडली नाही तरी ते लागू होते, असे त्यात स्पष्टच म्हटले होते. रद्दीकरण मागे घ्यावे असा अर्ज विद्यार्थ्याला पुढे करता येई. पण त्यासाठी तो ऑस्ट्रेलियातच असावा लागे. सुटीत मायदेशी गेलेल्यास परदेशातून असा अर्ज करता येत नसे. अटीचा भंग झालाच नव्हता, किंवा तो विद्यार्थ्याच्या हाताबाहेरील अपवादात्मक परिस्थितीमुळे झाला, हे सिद्ध झाल्यास मंत्र्यांना रद्दीकरण मागे घेता येई. मात्र ‘नोटिशीची मला माहिती नव्हती’ किंवा ‘तिचा परिणाम काय होतो हे मला ठाऊक नव्हते’ या कारणाने ते मागे घेता कामा नये, असा कायद्याचाच निर्बंध होता. भाड्याच्या खोल्या वारंवार बदलणाऱ्या, चार-पाच जणांत एक टपालपेटी वापरणाऱ्या तरुणांच्या बाबतीत या निर्बंधाचा अर्थ उघड आहे. आपण बेकायदेशीर रहिवासी झालो आहोत, हे एखाद्याला कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी कचेरीत गेल्यावर कळू शकत असे. रद्दीकरण हा कोणाचा निर्णय नसल्यामुळे न्यायाधिकरणाकडे थेट त्याविरुद्ध दाद मागता येत नसे. ते मागे घेण्याचा अर्ज नाकारला गेला, तरच तो मार्ग खुला होई.

मुदतीत हजर होणाऱ्याची वाटही सोपी नव्हती. अटीचा भंग झाला असून त्यामागे अपवादात्मक परिस्थिती नाही, असे अधिकाऱ्याला वाटले तर व्हिसा रद्द करणे त्याच्यावर बंधनकारक होते. चूक किरकोळ आहे, शेवटचे एकच सत्र उरले आहे, घरच्यांनी जमीन गहाण ठेवून फी भरली आहे, या गोष्टींना तेथे स्वतंत्रपणे वाव नव्हता. शिक्षणसंस्थेची भूमिकाही विचित्र झाली. जिने फी घ्यावयाची तिनेच पहारा करावयाचा होता. विद्यार्थ्याविषयी कळविले तर त्याची फी जाणार आणि न कळविले तर नोंदणी धोक्यात येणार, अशा पेचात काही संस्था हजेरीपट सैल ठेवीत, तर काही जरा निमित्त मिळताच नोटीस काढीत.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का न्यायालयाकडून बसला. २००५ मध्ये फेडरल मॅजिस्ट्रेट्स न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात विसाव्या कलमाखालील नोटिशीचा नमुना सदोष ठरविला. कायद्याने नोटिशीत जे सांगावयास हवे होते, ते त्या नमुन्यात नीट सांगितलेले नव्हते. नमुना एकच असल्याने प्रश्न त्या एका विद्यार्थ्यापुरता राहिला नाही. २००१ पासून ऑगस्ट २००५ पर्यंत अशा नोटिशींवरून झालेली रद्दीकरणे एकाच वेळी निराधार झाली व खात्याला हजारो व्हिसा पुनःस्थापित करावे लागले. त्यांपैकी काहींना मध्यंतरी स्थानबद्ध करण्यात आले होते. त्या स्थानबद्धतेचा कायदेशीर आधारही नाहीसा झाला. अनेक विद्यार्थी तोपर्यंत देश सोडून गेले होते आणि ज्या व्हिसांची मूळ मुदतच संपली होती ते पुनःस्थापित होऊनही निरुपयोगी होते. याच वर्षी जुलैमध्ये आप्रवासन खात्याच्या कारभारावरील मिक पामर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कॉर्नेलिया राऊ या कायम रहिवासी स्त्रीला चुकीने स्थानबद्ध केल्याच्या चौकशीतून तो निघाला होता. त्याचा विद्यार्थ्यांशी थेट संबंध नसला, तरी पुरेशी तपासणी न करता माणसाच्या स्वातंत्र्याविषयी निर्णय घेण्याच्या खात्याच्या वृत्तीवर त्याने नेमके बोट ठेवले. विद्यार्थ्यांच्या प्रकरणात तर निर्णय घेणारा माणूसच नव्हता. नमुन्यातील चूक चार वर्षे लक्षात न येण्याचे ते एक कारण मानता येईल.

कायदा मात्र लगेच बदलला नाही. नोटिशीचा नमुना दुरुस्त झाला व यंत्रणा पुढे चालू राहिली. १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय संहितेने थोडा दिलासा दिला. विद्यार्थी मागे पडत असल्यास संस्थेने आधी त्याला साहाय्य करावे आणि त्याच्याविषयी कळविण्यापूर्वी संस्थेतच तक्रार करण्यासाठी त्याला कामकाजाचे २० दिवस द्यावेत, असे नियम तीत होते.

याच सुमारास भारतीय विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. स्वयंपाकी व केशकर्तनकार यांचा समावेश मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत झाल्याने त्या विषयांची खाजगी महाविद्यालये मेलबर्न व सिडनी येथे मोठ्या संख्येने निघाली; अभ्यासक्रम पुरा केल्यावर कायम वास्तव्य मिळण्याची आशा हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. २००९ मध्ये भारतीयांच्या नावनोंदण्या सुमारे १,२०,००० पर्यंत गेल्या. त्या वर्षी मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांची व ३१ मे रोजी त्यांनी काढलेल्या मोर्चाची भारतातही मोठी चर्चा झाली. त्या मानाने अनेक महाविद्यालये एकाएकी बंद पडल्याची बातमी मागे पडली. वास्तविक विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीही तितकीच गंभीर होती. महाविद्यालयच बंद पडल्यावर नावनोंदणीची अट पाळावयाची कोठे, हा प्रश्न हजारोंपुढे उभा राहिला. ब्रूस बेअर्ड यांच्या समितीने मार्च २०१० मध्ये शिक्षणसेवांविषयीच्या कायद्यात सुधारणा सुचविल्या. त्याआधीच फेब्रुवारीत व्यवसायांची ती यादी रद्द झाली होती आणि २०१० च्या अखेरीपर्यंत सर्व संस्थांना पुन्हा नोंदणी करावी लागली. बंद पडलेल्या संस्थेतील विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश किंवा न वापरलेल्या शुल्काचा परतावा मिळावा यासाठी शिक्षणशुल्क संरक्षण सेवा १ जुलै २०१२ पासून सुरू झाली.

विद्यार्थी व्हिसाच्या एकूण पद्धतीचे परीक्षण करण्याचे काम न्यू साउथ वेल्सचे माजी मंत्री मायकेल नाइट यांच्याकडे सोपविण्यात आले होते. सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ४१ शिफारशी होत्या. आपोआप होणारे रद्दीकरण बंद करावे, ही त्यांपैकी एक. ही पद्धत विद्यार्थ्यांवर अन्याय करते, इतकेच या शिफारशीमागे नव्हते. संस्थांकडून येणाऱ्या सूचनांचा खात्यात ढीग साचत असे. किरकोळ हजेरीचे प्रकरण व शिक्षणाशी काडीमात्र संबंध नसलेल्या माणसाचे प्रकरण, दोन्ही एकाच रांगेत येत. रद्दीकरण आपोआप व्हावे यासाठी योजलेल्या यंत्रणेने अधिकाऱ्यांचे काम वाढविले होते व खरे गुन्हेगार शोधणे अवघड करून ठेवले होते. सरकारने शिफारस स्वीकारली. २०१२ चा दुरुस्ती अधिनियम संमत झाला आणि १३ एप्रिल २०१३ पासून विसाव्या कलमाखालील नोटिसा व त्यांवरून होणारे रद्दीकरण थांबले. अट ८२०२ मोडल्यास व्हिसा रद्द केलाच पाहिजे, हे अधिकाऱ्यावरील बंधनही त्याच दिवशी गेले.

तेव्हापासून रद्दीकरण हा पुन्हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा विषय बनला. नावनोंदणी संपल्याची माहिती संगणकीय नोंदणीतून खात्याला मिळते. त्यावर अधिकारी व्हिसा रद्द करण्याचा विचार असल्याची नोटीस देतो व विद्यार्थ्याकडून लेखी उत्तर मागवितो. अटीचा भंग झाला की नाही, हे प्रथम पाहावयाचे. झाला असल्यास त्याची कारणे, विद्यार्थ्याची आजवरची वागणूक, रद्दीकरणाने त्याच्यावर व त्याच्या कुटुंबावर होणारा परिणाम यांचा विचार करावयाचा. आजारपण, घरातील मृत्यू यांसारख्या गोष्टी पुराव्यासह मांडल्यास त्यांना महत्त्व मिळते. मात्र अनेक जण नोटिशीला उत्तरच देत नाहीत आणि मग अधिकारी समोर असलेल्या नोंदीवरून निर्णय घेतो. व्हिसा रद्द झाल्यास पुढील तीन वर्षे बहुतेक तात्पुरते व्हिसा मिळणे कठीण होते. हा नियम ज्यांना नंतर कळतो, त्यांना तो मूळ रद्दीकरणाहून जड जातो.

१ जुलै २०१६ पासून विद्यार्थी व्हिसाचे पूर्वीचे अनेक प्रकार एकत्र करून ५०० क्रमांकाचा एकच प्रकार ठेवण्यात आला. आता अट ८२०२ प्रमाणे केवळ नाव नोंदलेले असणे पुरत नाही. ज्या पातळीच्या पदवीसाठी व्हिसा मिळाला, त्याच किंवा वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमात नाव ठेवावे लागते. विद्यापीठाच्या नावावर व्हिसा मिळवून काही आठवड्यांत स्वस्त पदविकेकडे वळण्याची प्रथा थांबविणे, हा या अटीचा हेतू. ती प्रथा तरीही थांबली नाही. २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत एकाच वेळी दोन संस्थांत नावे असलेल्या सुमारे १७,००० नोंदणी झाल्याचे आढळल्यावर सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरुवातीच्या सहा महिन्यांत अशी दुहेरी नोंदणी करण्याची सोय काढून घेतली. व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० डॉलरांवरून १,६०० डॉलर व वर्षभराने २,००० डॉलर झाले. पातळी बदलल्यामुळे अडचणीत येणाऱ्यांत सर्वच लबाड असतात असे नाही. अभ्यास झेपला नाही, फी परवडली नाही किंवा ‘नाव कोठेही असले तरी चालते’ असे मध्यस्थाने सांगितले, म्हणून अभ्यासक्रम बदलणारेही त्यांत असतात. रद्दीकरणाच्या निर्णयावरील अपिले पूर्वी प्रशासकीय अपील न्यायाधिकरणापुढे चालत. १४ ऑक्टोबर २०२४ पासून ती प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणापुढे चालतात. अपील ठरावीक मुदतीतच दाखल करावे लागते. ती चुकल्यास प्रकरण कितीही सबळ असले तरी न्यायाधिकरणाला ते ऐकता येत नाही.